मिठापासून कॉस्टिक पोटॅशपर्यंत : गाडीतील हायड्रोजनयंत्र आणि द्रावणाच्या निवडीचा मागोवा

पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून हायड्रोजन मिळवायचा, तो धावत्या गाडीच्या इंजिनात सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचे, ही कल्पना गेल्या अर्धशतकात इंधनाचे भाव भडकले की पुन्हा पुन्हा पुढे आली. १९७०च्या दशकातील तेलसंकटात ती चर्चेत आली. जुलै २००८मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला, तेव्हा घरी जोडता येतील अशा संचांची जगभर लाट उसळली. हे संच जोडणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न बहुधा एकच असे : पाण्यात काय मिसळावे? त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास पाहिला, तर ‘सुरक्षित द्रावण’ याचा अर्थच हळूहळू कसा विस्तारत गेला हे ध्यानात येते.

निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाने पाण्याचे विघटन केले आणि पुढे १८३०च्या दशकात फॅरेडेने या क्रियेचे संख्यात्मक नियम मांडले. शुद्ध पाणी विजेचे अत्यंत मंद वाहक असल्यामुळे त्यात आयन पुरवणारा पदार्थ, म्हणजे विद्युत अपघटनी, विरघळवावा लागतो. हा पदार्थ स्वतः खर्च होऊ नये, त्याने द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्या खाऊ नयेत आणि त्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज तिसरा वायू निघू नये, या तीन कसोट्या तेव्हापासून आजतागायत कायम आहेत.

घरगुती प्रयोग करणाऱ्यांचा हात साहजिकच आधी स्वयंपाकघरातील मिठाकडे गेला, आणि तीच निवड सर्वांत घातक ठरली. कारण मिठाच्या पाण्यात धनाग्राशी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीशी, विषारी क्लोरीन सुटतो आणि क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. खाण्याचा सोडा निरुपद्रवी वाटला, तरी त्यातून कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू निघतो, प्रवाह कमी वाहतो आणि काही काळाने भांड्याच्या तळाशी तपकिरी गाळ साचतो. हा गाळ झिजलेल्या पट्टीचाच असतो. स्टीलमधील क्रोमियमचे ऑक्सिडीकरण होऊन द्रावणाला पिवळसर छटा आली, तर त्यात कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम असण्याचा संभव असतो आणि असे पाणी मोरीत ओतणेसुद्धा धोक्याचे ठरते. बॅटरीतील सौम्य गंधकाम्ल वीज उत्तम वाहून नेते. मात्र ते शिशाच्या पट्ट्यांसाठी योग्य असून स्टीलच्या पट्ट्या कुरतडते.

या अनुभवांती निवड कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश, म्हणजे सोडियम व पोटॅशियम हायड्रॉक्साइड, या दोन तीव्र अल्कलींवर येऊन ठेपली. यांपैकी कॉस्टिक पोटॅशचे द्रावण वीज अधिक चांगली वाहून नेते, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्यात तयार होणारे कार्बोनेट अधिक विद्राव्य असल्याने सहसा साचत नाही. कारखान्यांतील अल्कली विद्युत अपघटनयंत्रांत निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांसह वजनाने २५ ते ३० टक्के तीव्रतेचे हेच द्रावण वापरले जाते.

अल्कली ठरली, तरी ती कोणत्या पाण्यात विरघळवायची हा प्रश्न उरतोच, आणि मराठवाड्यात तो विशेष महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हा टंचाईचा कळस होता. पण पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या गुणाचाही विचार करावा लागतो. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यासारख्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले असते. विघटनात पाणी तेवढे वायू होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे दर वेळी नवे पाणी ओतताना त्यांचे प्रमाण वाढत जाते आणि ऋणाग्रावर पांढरी पुटे चढतात. म्हणून बॅटरीत घालतात तेच डिस्टिल्ड वॉटर या कामी अपरिहार्य ठरते.

तथापि योग्य अल्कली आणि शुद्ध पाणी मिळाले, म्हणजे धोका टळला असे होत नाही. कॉस्टिक पोटॅश विरघळताना द्रावण तापते, म्हणून पाण्यात अल्कली थोडी थोडी टाकावी लागते, अल्कलीवर पाणी कधीही ओतायचे नसते. तिचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी इतर कोणताही उपाय न करता डोळा वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुऊन तातडीने दवाखाना गाठावा लागतो. ॲल्युमिनियमवर ती जोमाने चालून जाते, त्यामुळे वायूबरोबर वाहून गेलेले तिचे तुषार इंजिनातील ॲल्युमिनियमचे भागही खातात. शिवाय या यंत्रातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात मिसळूनच बाहेर पडतात. हे मिश्रण ०.०२ मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेच्या ठिणगीने पेटते आणि ज्वाला नळीतून मागे फिरली तर भांडेच फुटते.

एवढी जोखीम पत्करून हाती काय लागते, याचा हिशेब फॅरेडेच्या नियमानेच करता येतो. १४ व्होल्टवर २० अँपिअर घेणाऱ्या सात कोष्ठांच्या यंत्रातून तासाला फार तर ५८ लिटर, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. त्यात सुमारे ०.६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यासाठी १ मेगाज्यूल वीज लागते, ती वीज इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर बनवतो, आणि दोहोंतील अपव्यय धरता त्यापायी सहा-सात मेगाज्यूल उष्णतेचे पेट्रोल जळते. पेट्रोल आणि हवेच्या विरळ मिश्रणाचे ज्वलन हायड्रोजनमुळे वेगवान होते हे खरे असले, तरी एवढ्याशा वायूने ही तूट भरून निघत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नेही वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास आडकाठी घातली आहे.

मोठ्या प्रकल्पांत तयार होणारा हायड्रोजन मात्र देशाच्या उद्योगाला उपयोगी पडत आला आहे. नांगल येथे १९६२ साली सुरू झालेल्या देशातील पहिल्या जड पाण्याच्या प्रकल्पाला विद्युत अपघटनातून मिळालेला हायड्रोजन पुरवला जाई. पुण्यात ऑगस्ट २०२२मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही वैज्ञानिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेली इंधनघटावरची बस सादर झाली. आणि ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. हायड्रोजन बनवणाऱ्या अशा प्रकल्पांत वीज इंजिनातून नव्हे, तर बाहेरून येते, आणि दोन्ही वायू पडद्याने वेगळे ठेवले जातात. दोन शतकांच्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, द्रावण सुरक्षित असणे हा संपूर्ण रचनेचा गुण आहे, केवळ डब्यातील पावडरीचा नव्हे. निलंग्यासारख्या गावातील हातांत कौशल्य असलेल्या तरुण कारागिरांनी हे रसायनशास्त्र अवश्य शिकावे, पण ते गाडीच्या बॉनेटखाली नव्हे, तर जाणकारांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेत. कारण येत्या काळात हायड्रोजन प्रकल्पांना अशाच हातांची गरज भासणार आहे.