पाच घरांची पागा

शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी, हा भेद बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आजोबा नातवांना सांगत आले. आमचे घर ना शिलेदाराचे, ना बारगिराचे. वडील राजवाड्यावर गात, मी मुलांना गाणे शिकवितो. असे असून महीकाठच्या एका लहानशा पागेत माझा पाचवा वाटा आहे, हे ऐकून ओळखीची मंडळी हसतात.

सात वर्षांपूर्वी आम्ही पाच घरांनी मिळून ती जागा भाड्याने घेतली. दोन काठेवाडी घोड्या, कान आत वळून टोकांशी भिडणाऱ्या, आणि एक म्हातारा मारवाडी घोडा. छप्पर म्हणजे बांबूंवर टाकलेली ताडपत्री. पहिल्या वर्षी पत्रे आले. दुसऱ्या वर्षी हौद बांधला. कारण एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, आणि बादल्या वाहून पाचही घरांची कंबर मोडली होती. तिसऱ्या वर्षी उतार देऊन विटांची जमीन केली, तेव्हा खुरांचे सडणे थांबले. लीद शेजारचे शेतकरी नेतात आणि मोबदल्यात कडबा देतात. रविवारी आम्ही सारे एकत्र जेवतो, हिशेब मांडतो आणि थोडे भांडतोही.

चौथ्या वर्षी गाठीशी काही पैसे उरले. वैरणीसाठी उंच ओटा बांधावा, असे मोतद्दाराचे म्हणणे. मी म्हणालो, "आधी एक खोली बांधू. गाणेबजावणे होईल, मुले येतील." गवयाच्या घरचा म्हणून माझा शब्द राहिला. पाया खणून भरला.

त्या श्रावणात भुईवरची वैरण खालून बुरसली. एका रात्री थोरली घोडी वळून वळून पोटाकडे पाहू लागली, घामाने भिजली, आडवी पडून लोळू लागली. तिच्या पायाशी तीन महिन्यांचे शिंगरू होते. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. मोतद्दार म्हणाला, "मास्तर, लोळू देऊ नका, फिरवा." भर पावसात आम्ही दोघे आळीपाळीने दोर धरून तिला फिरवीत होतो. सावकाश चालीत घोड्याच्या चार पावलांचे चार ठोके पडतात. त्या रात्री एखादा ठोका चुकला की माझा श्वास अडे.

पहाटे जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडले. उजाडल्यानंतर बऱ्याच वेळाने घोडीने लीद टाकली. ती पाहून मला रडू कोसळले, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

मोतद्दार मला एका शब्दानेही बोलला नाही. पुढच्या रविवारी मीच विषय काढला, आणि खोलीच्या पायावर वैरणीचा ओटा उभा राहिला.

घोडा का अडला, तर न फिरविल्यामुळे, हे जुने कोडे मी वर्गात रियाजाचा विषय निघाला की हमखास घालीत असे. आता ते घालताना त्या रात्रीचा दोर हाताला जाणवतो.

गाणे हौदाशेजारी कडुलिंबाखाली होते. थोरली घोडी कान टवकारून उभी असते. ती गाणे ऐकते की तोबऱ्याची वाट पाहते, असे मी मोतद्दाराला एकदा विचारले.

"तोबऱ्याची, मास्तर," तो म्हणाला.