ज्येष्ठ वैद्यांची वृत्ती आणि विद्यार्थ्यांची शाखानिवड

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून विद्यार्थी एक वर्षाच्या आंतरवासितेत येतो, तेव्हा त्याच्यापाशी ग्रंथज्ञान असते. व्यवसायाचा अनुभव नसतो. पुढे कायचिकित्सा घ्यावी, पंचकर्म घ्यावे, रसशास्त्र व भैषज्यकल्पना घ्यावी की थेट दवाखाना थाटावा, हे ठरविताना प्रवेशपरीक्षेतील गुणांची मर्यादा असतेच; परंतु आवड-नावड बहुधा ज्येष्ठांकडे पाहूनच बनते.

हा परिणाम तीन मार्गांनी घडतो. पहिला मार्ग बोलण्याचा. “रसशास्त्र घेऊन काय, जन्मभर खलच घोटत बसणार का?” असे वाक्य सहज उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनातून ती शाखा उतरते. दुसरा मार्ग आचरणाचा. व्याख्यानात निदानपंचकाचा आग्रह धरणारे ज्येष्ठ बाह्यरुग्ण विभागात प्रकृती न विचारताच औषध लिहीत असतील, तर विद्यार्थी त्यांच्या चिठ्ठीवरून शिकतो. शुद्ध आयुर्वेदावर चरितार्थ चालत नाही, हा निष्कर्ष तो तेथेच काढतो. तिसरा मार्ग मौनाचा. उपशय का मिळाला नाही, शुल्क किती घ्यावे, व्यवसायाची पहिली वर्षे कशी काढावीत, याविषयी कोणी बोलत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात भीती घर करते.

याची झळ औषधनिर्मात्यांनाही पोहोचते. औषधे नियम, १९४५ नुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तींच्या देखरेखीखाली व्हावी लागते. २००० साली अनुसूची ‘टी’ने उत्तम निर्मितीपद्धतीचे निकषही घालून दिले. भस्मपरीक्षा व स्नेहसिद्धीची लक्षणे प्रत्यक्ष जाणणारा पदवीधर हवा असेल, तर त्या शाखेला गौण लेखणे आधी थांबवावे लागेल.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्राच्या परीक्षेनंतर आचार्याची परीक्षा सांगितली आहे. आचार्याच्या गुणांत प्रत्यक्ष कर्म पाहिलेला ‘परिदृष्टकर्मा’ आहे, तसाच दुसऱ्याचा मत्सर न करणारा ‘अनसूयक’ही आहे. पहिला गुण रुग्ण तपासताना दिसावा, दुसरा इतर शाखांविषयी बोलताना.

उपाय खर्चिक नाहीत. ज्येष्ठ वैद्यांनी आठवड्यातून एक रुग्ण, विशेषतः जेथे चिकित्सेला यश आले नाही असा, आंतरवासी विद्यार्थ्यांना कारणमीमांसेसह समजावून द्यावा. फार्मसीचालकांनी एखादा अवलेह वा सिद्ध तैल त्यांच्या हातून करवून घ्यावे. निवड अखेर विद्यार्थ्याची आहे. ती त्याने ऐकीव तिरस्कारावरून न करता पाहिलेल्या कामावरून करावी, एवढी व्यवस्था आपण अवश्य करू शकतो.