शोपँ आणि शूमान : पियानोच्या दोन भाषा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपच्या कलाजीवनावर स्वच्छंदतावादाचा, म्हणजे नियमबद्ध सौंदर्यापेक्षा व्यक्तीच्या भावनेला आणि कल्पनाशक्तीला वरचे स्थान देणाऱ्या विचाराचा, मोठा प्रभाव होता. संगीतात या विचाराने पियानोला आपले सर्वांत जवळचे वाद्य मानले. त्या काळच्या पियानो-संगीताचे दोन श्रेष्ठ रचनाकार 1810 या एकाच वर्षी जन्मले : वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा व्होला या गावी फ्रेडरिक शोपँ आणि सॅक्सनीतील त्स्विकाऊ येथे रॉबर्ट शूमान. दोघांचे वाद्य एक, काळ एक आणि पूर्वकालीन रचनाकार बाखविषयीचा आदरही समान असूनही त्यांचे संगीत इतक्या वेगळ्या मुळांतून उगवते की त्यांच्या तुलनेतून या वाद्याच्या सामर्थ्याच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

1700च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने घडवलेल्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आघात करते, त्यामुळे बोटाच्या दाबानुसार स्वर हळुवार किंवा मोठा निघू शकतो. पुढे 1821 मध्ये पॅरिसच्या एरार या निर्मात्याने पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी यंत्रणा सिद्ध केली. उजव्या पायाखालचे पेडल दाबले असता तारांवरचे दाबपट्टे उचलले जातात आणि बोट काढल्यावरही स्वर रेंगाळत राहतो. मात्र एकदा उमटलेला स्वर क्षणाक्षणाला विरत जातो, त्याला गळ्यातल्या स्वरासारखे फुगवता येत नाही. ही मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न दोघांसमोर होता, आणि तो त्यांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवला.

शोपँ यांनी या प्रश्नाचे उत्तर वाद्यातच शोधले. 1830 मध्ये वॉर्सा सोडून पुढच्या वर्षी ते पॅरिसला पोहोचले आणि तिथे मुख्यतः अध्यापनावर त्यांनी उपजीविका केली. विद्यार्थ्याचा हात बसवताना ते अंगठा व करंगळी पांढऱ्या पट्ट्यांवर आणि मधली तीन लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर ठेवायला सांगत, कारण हाताची नैसर्गिक ठेवण तशीच आहे असे त्यांचे मत होते. त्यांची रचनाही अशीच हाताच्या घडणीतून जन्मते. नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावावस्थेची संथ रचना, हा प्रकार आयरिश रचनाकार जॉन फील्ड यांनी रूढ केला होता. शोपँ यांच्या नॉक्टर्नमध्ये उजवा हात इटालियन ऑपेरातील, म्हणजे संगीतनाटकातील, गायिकेप्रमाणे सुरावट आळवतो, तर डावा हात दूरदूरचे स्वर पेडलच्या आधाराने पसरून तिच्याखाली नादाचे अस्तर घालतो, आणि त्या नादात मिसळल्यामुळे विरणारा स्वरही टिकून राहिल्याचा भास होतो. त्यांच्या वादनातील रुबातो, म्हणजे लयीतील सूक्ष्म ओढाताण, याच विचाराचा भाग आहे : डावा हात लय सांभाळतो आणि उजवा हात तिच्या थोडा पुढे किंवा मागे रेंगाळतो. निष्णात ठुमरीगायक तालाचा ठेका न मोडता बोल मागेपुढे करतो, त्याचीच आठवण इथे व्हावी.

शूमान यांचा मार्ग ग्रंथांतून गेला. पुस्तकविक्रेत्याच्या या मुलावर जाँ पॉल आणि ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकांचा गाढ संस्कार होता. उजव्या हाताच्या दुखापतीमुळे वादक होण्याची त्यांची आकांक्षा मावळली, तेव्हा त्यांनी रचना आणि समीक्षा यांना वाहून घेतले. त्यांच्या पहिल्या 23 प्रकाशित कृती केवळ पियानोसाठी आहेत. उत्कट, धडाडीचा फ्लोरेस्टान आणि स्वप्नाळू, अंतर्मुख युजेबियस ही स्वतःच्या स्वभावाची दोन रूपे त्यांनी कल्पिली आणि ती समीक्षेत व संगीतात बोलती केली. ‘कार्नाव्हाल’ या रचनामालेत मुखवटे घातलेल्या पात्रांची मिरवणूक आहे. तीत आश या गावाच्या नावातील अक्षरे जर्मन स्वरनामे मानून सुरावटी बांधल्या आहेत, आणि तिच्यातील एका तुकड्याला चक्क ‘शोपँ’ हे नाव आहे.

या मूळ भेदातून रचनेचे इतर भेद निघतात. शोपँ यांची सुरावट बहुधा वरच्या स्वरांत स्पष्ट ऐकू येते. शूमान मात्र तिला एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दाट संहतीच्या मध्यभागी दडवतात आणि दोन्ही हातांच्या बोटांत वाटून देतात. ‘ह्यूमोरेस्क’मध्ये तर त्यांनी ‘आतला आवाज’ म्हणून एक वेगळी ओळ लिहिली आहे, जी वाजवायची नसून वादकाने मनात धरायची आहे. शोपँ यांची लय श्वासासारखी लवचिक, तर शूमान यांची लय आघात अपेक्षित जागेवरून हलवून श्रोत्याला अस्थिर करणारी. शोपँ यांनी आपल्या कृतींना साहित्यिक शीर्षके दिली नाहीत. पन्नासांहून अधिक मझुर्का, म्हणजे पोलिश लोकनृत्यांच्या ठेक्यावरील रचना, आणि चोवीस स्वरपट्ट्यांतील चोवीस प्रील्यूड, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना, ही प्रत्येकी आपल्यापुरती पूर्ण आहेत. शूमान यांचे तुकडे मात्र एकमेकांच्या सोबतीनेच पूर्ण होतात, मग ते ‘किंडरत्सेनेन’ या बालपणाच्या आठवणींवरील मालेतील तेरा असोत की अन्य मालांतील.

दोघांच्या परस्परसंबंधाचा इतिहासही बोलका आहे. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या ऑपेरातील गीतावर शोपँ यांनी केलेल्या रूपांतरांचे शूमान यांनी 1831 मध्ये अत्यंत उत्साहाने स्वागत केले आणि तरुण शोपँ यांची प्रतिभा जर्मन वाचकांपुढे मांडली. शूमान यांनी 1838 मध्ये रचलेली ‘क्रायस्लेरियाना’ शोपँ यांना अर्पण केली आणि 1840 मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे बॅलाड (कथाकाव्याची छाया असलेली वाद्यरचना) शोपँ यांनी शूमान यांना अर्पण केले. तरीही शोपँ यांना शूमान यांच्या संगीताविषयी तितकी आस्था वाटली नाही, आणि अर्पण करण्यातील ही समानता भावनेच्या समानतेची खूण मानता येत नाही.

मात्र याच दोन कृती तुलनेसाठी सर्वांत उपयुक्त आहेत, कारण दोन्हींचा विषय शांती आणि वादळ यांचा संघर्ष हाच आहे. हॉफमनच्या विक्षिप्त संगीतकारावरून नाव घेतलेल्या ‘क्रायस्लेरियाना’च्या आठ भागांत वादळी आणि संथ भाग आलटून पालटून येतात, आणि शेवटच्या भागात खालचे स्वर ठेक्याशी जुळत नाहीत, त्यामुळे सगळी रचना निश्चित उत्तर न देता मावळते. शोपँ यांच्या या बॅलाडमध्ये सुरुवातीची निरागस सुरावट वादळाने मोडली जाते, आणि ज्या स्वरपट्टीत आरंभ झाला तिच्याऐवजी दुसऱ्याच, उदास पट्टीत तिचा अंत होतो. पहिल्या कृतीत एक मन स्वतःशी भांडते, दुसरीत एक कथा आपल्या अटळ शेवटाकडे जाते.

दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. पियानो स्वतः काय बोलू शकतो, याची सीमा शोपँ यांनी विस्तारली, तर माणसाच्या मनातील किती गोष्टी पियानोला सांगता येतात, याची सीमा शूमान यांनी. पाश्चात्त्य संगीताचा परिचय करून घेऊ पाहणाऱ्या वाचकाने दुसरे बॅलाड आणि ‘क्रायस्लेरियाना’ लागोपाठ ऐकावीत; या दोन भाषांतील फरक कानांना कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय उमगेल.