पापाची कबुली आणि पित्याचे घर

कबुली हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम न्यायालय उभे राहते. आरोपी पिंजऱ्यात उभा आहे, समोर न्यायाधीश बसला आहे आणि कबुली दिली की शिक्षा ठरलेली. म्हणून शहाणा माणूस कबुली देत नाही, वकील देतो. ख्रिस्ती माणूस मात्र दर आठवड्याला देवळात जाऊन आपण पापी आहोत असे आपल्या तोंडाने म्हणतो. याचे पुष्कळांना नवल वाटते. हा काय स्वतःला हिणवण्याचा छंद आहे, असेही कोणी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्ती धर्मात ही कबुली न्यायालयात द्यायची नसून घरात द्यायची आहे.

आपल्या शहरात तिच्या दोन रीती पाहावयास सापडतात. छावणीतील ख्राइस्ट चर्चमध्ये सारी मंडळी एका सुरात आपले अपराध देवापुढे मांडतात. रोमन कॅथलिक पंथाचा येथील धर्मप्रांत 1977 साली स्थापन झाला. त्या पंथाचा माणूस धर्मगुरूपाशी एकांतात जाऊन आपले पाप सांगतो, आणि ऐकलेले कोणालाही न सांगण्याचे कडक बंधन धर्मगुरूवर असते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, म्हणजे वसंताच्या तोंडावरच, या आत्मपरीक्षणाला विशेष महत्त्व येते. रीती दोन असल्या, तरी दोहोंचे मूळ येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत पाहता येते.

ती गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात आहे. एक धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, आणि शेवटी डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते. पोटात आग पडल्यावर त्याला घर आठवते. बापाला काय सांगायचे याची तो मनाशी घोकंपट्टी करतो. मी चुकलो, मुलगा म्हणवून घेण्याची माझी लायकी नाही, मला गड्यांत ठेवा, अशी तीन वाक्ये तो तयार करतो. पण बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. आपल्याकडचा एखादा वयोवृद्ध पाटील धोतराचा सोगा सावरीत भर रस्त्याने धावताना डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या धावण्यातले वेगळेपण कळेल. मुलगा पहिली दोन वाक्ये बोलतो. तिसरे, गडी म्हणून ठेवण्याचे वाक्य, बाप त्याला बोलूच देत नाही. अंगावर झगा येतो, बोटात अंगठी येते. येथे कबुली ही क्षमेची किंमत नाही. बापाचे प्रेम आधीच वाटेवर उभे होते; कबुलीने मुलगा त्याच्यापर्यंत पोहोचला इतकेच.

हे कळायला सोपे, पण मनात उतरायला अवघड आहे. याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी होत्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना सरस्वती ही पदवी दिली. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही, पुढे 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विधी झाले, सिद्धांत पटले, तरी आपल्या पापाचे काय, हा काटा सलतच राहिला. आहोत तसेच देवापुढे उभे राहावे आणि त्याच्या प्रेमावर भार टाकावा, हे उमजल्यावरच त्यांना शांती लाभली. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात 1905 साली प्रार्थनेची मोठी लाट आली, आणि कित्येक मुली रडत रडत आपली पापे उघड बोलू लागल्या. त्या सदनातल्या पुष्कळ जणी दुष्काळाने निराधार केलेल्या होत्या. ज्यांना परतायला घर उरले नव्हते, त्यांना देव हा पिता आहे, ही बातमी केवढी वाटली असेल!

पण मग क्षमा इतकी सुलभ असेल तर पाप करायला मोकळीकच मिळाली, असा आक्षेप कोणी घेईल. याचे उत्तर जक्कयाच्या गोष्टीत आहे. यरीहोचा हा श्रीमंत जकातदार. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, तेव्हा निम्मी मिळकत गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने सांगितले. प्रेमाची खात्री पटली आणि मूठ सैल झाली. तेव्हा देवापाशी कबुली दिली म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही. कायद्याचा गुन्हा असेल तर कायद्यापुढेही उभे राहावे लागते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला गप्प बसवण्यासाठी क्षमेचे नाव घेणे, हे तर दुसरे पाप होय.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. बाप म्हटले की ज्यांना मायेऐवजी छडी आठवते, त्यांनी काय करावे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या कवितेत ख्रिस्ताला आईच्या नात्यानेही हाक मारली. पंढरीच्या विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आणि आपले दोष उघड गाणाऱ्या तुकोबांच्या भूमीत ही हाक परकी वाटत नाही. शब्द पिता असो वा माता, मुद्दा एकच आहे. आपले सगळे ठाऊक असूनही जे दार लावून घेत नाही, ते प्रेम.

लपवलेले पाप माणसाला एकटे पाडते. तो घरात असून घरच्यांपासून दूर राहतो, आणि पकडले जाण्याच्या भीतीने त्याची प्रार्थनाही आखडते. ख्रिस्ती शिकवण त्याला सांगते की आधी सुधारून मग ये, असा येथे नियम नाही. आहेस तसा ये, खरे बोल, आणि मग उद्यापासून ज्याचे देणे आहे त्याचे देऊ लाग.