लहान आतडं: जिरतं कुठं, अडतं कुठं

तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून कारैक्कालकडे निघालं की वाटेत तिरुनीलक्कुडी लागतं. तिथल्या नीलकंठाच्या लिंगावर तेलाचा अभिषेक करतात आणि ओतलेलं तेल लिंगात जिरून जातं, असं भाविक सांगतात. देवळातल्या तेलाचा प्रश्न श्रद्धेवर सोडू. पानावरच्या तुपातेलाचं काय होतं, ते मात्र वैद्यकाला नीट ठाऊक आहे: ते लहान आतड्यात जिरतं, आणि नाही जिरलं तर शौचकूपात दिसतं.

हे आतडं साधारण ६ मीटर लांब. आतून पाहिलं तर घड्या, घड्यांवर मिलिमीटरभर उंचीचे अंकुर आणि अंकुरांवरच्या पेशींना आणखी सूक्ष्म केस. दर ३ ते ५ दिवसांनी हा पेशींचा थर नवा होतो. खाल्लेलं, प्यालेलं आणि लाळ, पित्त वगैरे पाचकरस मिळून दिवसाकाठी ८-९ लिटर द्रव इथं येतो. पुढे मोठ्या आतड्याकडे जेमतेम दीड लिटर जातो. कामाची वाटणीही ठरलेली आहे. लोह मुख्यतः जठरालगतच्या वीतभर भागात शोषलं जातं, फोलेट त्याच्या पुढे, आणि बी-१२ अगदी शेवटच्या टोकाला. म्हणून कुठली कमतरता आहे यावरून बिघाड कुठं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मोठ्या आतड्याच्या दुखण्यात माणूस घडीघडी धावतो, कुंथतो, आव पडते. लहान आतड्याचं दुखणं वेगळं. खेपा थोड्या, पण शौच भरपूर, फिकट, तेलकट, उग्र वासाची. दोनतीन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटून राहणारी. जोडीला वजन उतरतं, जीभ सोलवटते, रक्त कमी होतं. नुसतं जुलाब थांबवायचं औषध घेत राहण्यात इथं अर्थ नसतो.

सगळ्यात साधी तक्रार दुधाची. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे द्रव्य दक्षिणेत पुष्कळ प्रौढांमध्ये कमी पडतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते; पोट गुरगुरतं, वारा धरतो. तरीही कुंभकोणमची डिग्री कॉफी सोडायची गरज सहसा पडत नाही, कारण टंबलरभर कॉफीतलं दूध बहुतेकांना सोसतं. दहीभात तर त्याहून सोसतो. विरजणातल्या जंतूंनी थोडी साखर आधीच खाल्लेली असते.

गव्हाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. सीलिअ‍ॅक आजारात गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच अंकुरांवर उठतं आणि ते सपाट होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत या आजाराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, तर दक्षिणेत अवघं ०.१० टक्के भरलं. आनुवंशिक कल तिन्हीकडे जवळपास सारखाच. गव्हाचं खाणं मात्र उत्तरेत रोज ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. पण ईशान्येतही ते ३७ ग्रॅमच होतं, तेव्हा सगळा दोष पोळीवर ढकलता येत नाही. उपचार एकच: गहू आणि जव जन्मभर बंद. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी खुशाल चालते. मात्र ऐकीव सल्ल्यावर गहू सोडून मग तपासणीला जाऊ नये. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरतात, अंकुर सुधारू लागतात आणि निदान हुकतं.

तमिळनाडूचा खरा अभ्यासविषय म्हणजे उष्णकटिबंधीय स्प्रू. १९६०च्या दशकात वेल्लूरच्या परिसरातल्या गावांत याच्या साथी आल्या. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी त्या बारकाईनं अभ्यासल्या. सुरुवात साध्या जुलाबानं होई, पण जुलाब हटत नसत. पुढे चरबी जिरेना, फोलेट आणि बी-१२ संपे. सीलिअ‍ॅकसारखेच अंकुर बसतात, पण गहू सोडून काही फरक पडत नाही. फोलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि टेट्रासायक्लिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते सहा महिने घ्यावं लागतं. फोलिक अ‍ॅसिडनं काही दिवसांतच भूक परतते आणि रोगी औषध सोडायला बघतो, तिथंच जपायचं.

भातशेतीत अनवाणी वावरणाऱ्यांना अंकुशकृमी तळपायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. अल्बेंडाझोलची एक गोळी आणि पुढे लोह, हा त्यावरचा इलाज. तीव्र जुलाबाची गोष्टही शेवटी शोषणाचीच: तिथं ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी चालतं, कारण साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं पेशीतलं दार पटकीतही उघडं राहतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबिस यांनी याच आधारावर असंख्य जीव वाचवले.

सगळ्यात अवघड निवाडा आतड्याचा क्षय की क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाह), हा. दोन्ही शेवटच्या टोकाला व्रण करतात, दोन्हींत ताप आणि उजव्या बाजूला पोटदुखी. क्षयाला सहा महिन्यांची औषधं असतात, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्रोन्सला बरेचदा स्टिरॉइड देतात आणि निदान चुकलेलं असेल तर त्यानंच क्षय भडकतो. म्हणून दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्याशिवाय डॉक्टर सहसा घाई करत नाहीत. दोन्हींत आतडं अरुंद होऊन अन्न अडू शकतं. पोट फुगलं, उलट्या लागल्या, वारा सरेना झाला, की सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठावं.