अणुस्फोटाचे मेघ व कागदाचा काळ

पनवेल परिसरांतील दप्तरें चाळतांना एखादें मोडी पत्र अस्सल कीं बनावट, हा प्रश्न आम्हांपुढें वारंवार येतो. अक्षरवळण, शिक्का, शक-तिथींचा मेळ व कागदाची जात हीं आपलीं नेहमींचीं साधनें होत. त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. त्याचें मूळ अणुस्फोटांच्या मेघांत असल्यानें प्रथम त्यांचा वृत्तांत देतों.

ता. २९ ऑगस्ट १९४९ रोजीं सोव्हिएत रशियानें सेमिपालातिन्स्क येथें पहिला अणुस्फोट गुप्तपणें केला. ता. ३ सप्टेंबर रोजीं जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या अमेरिकन विमानाच्या गाळणकागदावर किरणोत्सारी कण सांपडले. स्फोटजन्य द्रव्यें निरनिराळ्या, परंतु ठराविक गतीनें क्षय पावतात. अल्पायुषी द्रव्य किती उरलें व दीर्घायुषी किती, या प्रमाणावरून स्फोटाचा काळ काढतां आला. त्या कागदावर एकही अक्षर नव्हतें, तरी मिति होती. ता. २३ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं ही वार्ता जाहीर केली.

पुढें अशा स्फोटांची धूळ जगभर पसरली. पनवेलच्या पश्चिमेस, ठाण्याच्या खाडीपलीकडील ट्रॉम्बे येथील अणुशक्ति केंद्रानेंही १९५६ सालापासून तिचीं मोजमापें घेतलीं. धूळ खालीं बसली. परंतु स्फोटांतील न्यूट्रॉन हवेंतील नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ निर्माण झाला होता, तो हवेंत राहिला. १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धांत त्याचें प्रमाण स्वाभाविकाच्या जवळजवळ दुप्पट झालें. वनस्पति कार्बन हवेंतून घेतात व त्यांच्याच तंतूंचा कागद होतो.

सबब, शिवकालीन म्हणून दाखविलेल्या कागदाच्या तंतूंत हें वाढीव प्रमाण आढळल्यास तो कागद १९५५ च्या सुमारानंतरचा व पत्र बनावट ठरतें. मात्र दुरुस्तीच्या वेळीं लाविलेली नवी खळ आधीं धुवून काढिली पाहिजे. नाहींतर अस्सल पत्रावरही खोटा आळ येईल.

उलटपक्षीं, वाढ न आढळल्यास अस्सलपणा सिद्ध होत नाहीं. जुन्या दप्तरांतील कोरें पान घेऊन त्यावर नवें लिहिणारा या परीक्षेंतून सुटतो. शिवाय हवेंतील तें प्रमाण आतां उतरून जवळजवळ पूर्वपदावर आलें असल्यानें अगदीं अलीकडील तंतूही निर्दोष भासूं शकतो.

परीक्षेसाठीं कागदाचा लहानसा तुकडा कायमचा नष्ट होतो. तेव्हां संग्राहकांनीं प्रथम छायाचित्र घ्यावें, कोऱ्या कडेचाच तुकडा द्यावा, आणि निकाल कांहींही येवो, अक्षर व शाई यांची परीक्षा सोडूं नये, अशी आमची विनंती आहे.