पॅड बांधून बसलेला मुलगा

पांझरेच्या उत्तर तीरावरील आमच्या देवपुरात सायंकाळी कोणत्याही मोकळ्या जागेवर जावे, तेथे मुले क्रिकेट खेळताना दिसतात. ज्याची पाळी अजून आलेली नाही, असा एखादा मुलगा हातात बॅट धरून कडेला बसलेला असतो. पाहणाऱ्यांचे लक्ष खेळणाऱ्यांकडे असते. बसलेल्याकडे कोणी पाहत नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रात असा एक मुलगा होऊन गेला, की ज्याचे नुसते बसून राहणेही लोकांच्या स्मरणात राहिले. त्याचे नाव अमोल मुजुमदार.

१९८८ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल ह्या शालेय स्पर्धेचा उपान्त्य सामना चालू होता. दादरचे शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स हायस्कूल ह्या शाळा एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. शारदाश्रमाचे दोन गडी बाद झाले, आणि सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी हे दोघे खेळू लागले. त्यानंतरची पाळी अमोलची. तेरा वर्षांच्या अमोलने पायांना पॅड बांधले आणि तो वाट पाहत बसला. तो दिवस मावळला. दुसरा दिवस उजाडला, तरी गडी बाद होईना! अखेर सचिनच्या नाबाद ३२६, विनोदच्या नाबाद ३४९ आणि दोघांच्या मिळून ६६४ धावा झाल्यावर डाव सोडण्यात आला. अमोलच्या वाट्याला एकही चेंडू आला नाही.

ह्या तिन्ही मुलांचे गुरू एकच होते. ते म्हणजे रमाकांत आचरेकर. आचरेकर स्वतः खेळाडू म्हणून फारसे नावाजलेले नव्हते. ते स्टेट बँकेत नोकरीस होते आणि तिच्या संघाकडून १९६३-६४ च्या हंगामात ते प्रथम दर्जाचा एक सामना खेळले. तोच त्यांचा पहिला आणि तोच शेवटचा. विषय येणे निराळे आणि तो शिकविता येणे निराळे, हे मी शाळेत अनेक वर्षे पाहत आलो आहे. आचरेकरांना शिकविता येत होते. शिवाजी पार्कवर सराव संपत आला, की ते मधल्या यष्टीवर रुपयाचे एक नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील, त्याला ते नाणे मिळे. कोणालाच तो बाद झाला नाही, तर नाणे सचिनचे. दमलेल्या मुलाचे चित्त शेवटच्या घटकेपर्यंत चेंडूवर कसे ठेवावे, ह्याचा हा उपाय होता. जाळीतल्या सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यावर त्यांचा भर अधिक. एका उन्हाळी सुट्टीत साठ दिवसांत सचिन पंचावन्न सराव-सामने खेळला. मात्र ‘छान खेळलास’ हे शब्द आचरेकरांनी त्याला कधी ऐकविले नाहीत. तशी आठवण सचिनने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्त होताना भर मैदानावर सांगितली.

थोर प्रशिक्षक क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनाही किती महत्त्व देतात, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. जॉन वुडन हे तरुणपणी शाळेत इंग्रजी शिकवीत आणि त्याच काळात पैसे घेऊन बास्केटबॉल खेळत. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाचे प्रशिक्षक झाले, आणि १९६४ ते १९७५ ह्या बारा वर्षांत त्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. निवडून आलेल्या तगड्या खेळाडूंना ते आरंभी काय शिकवीत? पायमोजे नीट कसे घालावेत, हे! मोज्याला सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो, आणि फोड आला की सराव बुडतो.

आता पुन्हा अमोलकडे वळू. रणजी करंडक ही भारतातील राज्या-राज्यांच्या संघांची मोठी स्पर्धा होय. तीत मुंबईकडून हरियाणाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच सामन्यात, १९९४ साली, त्याने २६० धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पणात इतक्या धावा तोपर्यंत जगात कोणी काढल्या नव्हत्या. हा आता भारताकडून खेळणार, असे जाणकार म्हणू लागले. पण त्या काळी भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण उभे होते. जागा रिकामी होईना. पॅड बांधून बसलेल्या मुलाची पाळी इथेही आली नाही. तरीही मुजुमदार वीस वर्षे खेळत राहिले. मुंबईनंतर आसाम, त्यानंतर आंध्र अशा संघांकडून खेळून त्यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतके केली. २००६-०७ च्या हंगामात ते मुंबईचे कर्णधार होते. पहिले तीन सामने मुंबई हरली. त्याच हंगामाच्या अखेरीस करंडक मुंबईने जिंकला!

२०१४ मध्ये त्यांनी खेळणे थांबविले आणि ते शिकवू लागले. २०२२ च्या जून महिन्यात बंगळुरू येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईचे प्रशिक्षक मुजुमदार आणि मध्य प्रदेशाचे चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकरांचेच शिष्य. पंडितांनी ह्याच मैदानावर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना गमावला होता. ह्या खेपेस ते जिंकले, आणि मध्य प्रदेशाला प्रथमच करंडक मिळाला. आचरेकर २०१९ च्या जानेवारीतच निवर्तले होते. त्यांना हा सामना पाहावयास मिळाला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. जो देशाकडून एकदाही खेळला नाही, तो देशाच्या संघाला काय शिकविणार, अशी शंका काहींनी घेतली. २०२५ च्या विश्वचषक स्पर्धेत भारत लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा ही कुजबुज वाढली. त्यांतील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज हिला तर संघाबाहेर बसावे लागले होते. पुढे उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. खेळाडूंच्या खोलीतील फळ्यावर मुजुमदारांनी एवढेच लिहिले, की आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव अधिक हवी आहे. जेमिमाने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारत जिंकला.

२ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना झाला. शेफाली वर्मा हिचे नाव स्पर्धेसाठी निवडलेल्या मूळ संघात नव्हते. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला ऐन वेळी बोलावून घेण्यात आले होते. तिने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन गडीही टिपले. भारत ५२ धावांनी विजयी झाला. शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौर हिने घेतला. विजयानंतर ती मैदानावरच मुजुमदारांपाशी आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.